बहात्तर वर्षांचे नवे दात

किन्हीराजाचा पंजाबराव मालेगावच्या बैलबाजारात चाळीस वर्षं दलाली करत होता, आणि या चाळीस वर्षांत एकाही बैलाला त्याच्याशी खोटं बोलता आलं नव्हतं. माणसांचं सोडा. माणसं बोलतात, बैलाचे दात बोलतात. खालच्या जबड्यात पक्के दात दोन आले की तो दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठही आले की 'जुळला', म्हणजे पाच वर्षांचा भरला गडी. त्यापुढचं वय झिजेवरून काढायचं, आणि तिथंच लबाडांचं फावतं. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासायचे, राखेनं उजळायचे आणि नवरदेव म्हणून उभा करायचा. असे नवरदेव पंजाबराव चार हातांवरून ओळखी. सांगणारे तर सांगतात, की एकदा एका बैलानं नुसती जांभई दिली, तर यानं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला चहा पिता पिता त्याचं वय आणि आईचं गाव सांगितलं. आईच्या गावाचं खोटं असेल. वय बरोबर निघालं होतं.

वाद झाला की पंचाचा मान त्याचा. बैलाचं तोंड पाहायचं आणि फैसला तीनदा ओरडून सांगायचा, अशी या बाजाराची जुनी रीत. तीनही वेळा शब्द नाण्यासारखा खणखणीत पाहिजे. एकदा जरी अडखळला तर फैसला बाद. पंजाबरावची हाळी मेडशीच्या जंगलावर आपटून दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायची म्हणतात. मोरही तेवढा वेळ गप्प बसत.

पण माघ महिन्यात त्याचे सगळेच दात पडले, आणि त्यांच्यामागोमाग आवाज गेला. गाल आत, हनुवटी वर. जवळच्याला बोलणं कसंबसं कळे, पण हाळी द्यायला तोंड उघडलं की भात्यातून सुटावी तशी नुसती हवा.

रामकिसन याच संधीची वाट पाहत होता. तोही दलाल, पण वीस वर्षांनी धाकटा. "ज्याच्या सोताच्या तोंडात काई नाई, थो बैलाच्या तोंडातलं काय सांगन बाप्पा?" असं तो येता-जाता म्हणे, आणि लोक हसत. पंजाबरावसुद्धा हसे; पण ओठ मिटून.

वैशाखातल्या एका बुधवारी रिठदची गोजराबाई बैल ओढत बाजारात आली. गावाजवळ तिची वांग्या-कोथिंबिरीची वाडी. पंधरा दिवसांपूर्वी रामकिसननं तिला हा पांढरा बैल 'नुकता जुळला' म्हणून दिला होता.

"नुकता जुळला म्हन्ते!" गोजराबाईनं कासरा रामकिसनच्या पायावर टाकला. "माह्या सासऱ्याच्या वयाचा हाय हा. दोन तास वखर ओढला की वावरात फतकल मारून बसते. पंजाबभाऊ, तुमी पाहा याचं तोंड."

"पाहू दे," रामकिसन म्हणाला. "पन आज नाई. पुढच्या बुधवारी, साऱ्या बाजारासमोर. तीन हाळ्या साफ देल्या तर फैसला मले मंजूर. नाई देता आल्या, तर त्या दिवसापासून या बाजारात तोंड मी पाहीन. हाय कबूल?"

सगळ्या माना पंजाबरावकडे वळल्या. त्यानं "कबूल" म्हटलं. निदान लोकांनी तसं धरलं.

हातात सात दिवस. गुरुवारी सकाळी तो बदरुद्दीनच्या दुकानात जाऊन बसला. बदरुद्दीनचं दुकान म्हणजे कासरे, घुंगरमाळा, म्होरक्या. दोघांची दोस्ती चाळीस वर्षांची, आणि बदरुद्दीनची लेक उमेरा दातांची डॉक्टर. बसस्टँडजवळ तिचा दवाखाना.

"चल," बदरुद्दीन म्हणाला. "लेकीनं कंप्युटरवाली मशीन आनली हाय. दात छापते म्हने."

"दात छापते? लग्नाची पत्रिका हाय का थे?"

"चल तं खरं."

खुर्चीत बसवल्यावर पंजाबरावनं तोंड उघडलं नाही. उमेरा समजावून सांगू लागली. जुन्या रीतीनं पाच-सहा खेपा आणि महिना लागेल. आता तोंडात कॅमेरा फिरवायचा, कॉम्प्युटरवर दात बसवायचे, तालीम म्हणून एक कवळी छापून बघायची आणि मग पक्की छापायची. बुधवारपर्यंत जमेल, पण एकही दिवस वाया जाता कामा नये. पंजाबराव ऐकत होता, मान हलवत होता, तोंड बंद.

"दहा हजार जनावराइचे तोंडं उघडले यानं," बदरुद्दीन कोपऱ्यातून म्हणाला, "अन् आता सोताचं उघडून नाई राह्यला."

उमेरानं पुढं काही बोलणं सोडलं. तिनं डावा हात त्याच्या कपाळावर ठेवला आणि उजव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवला. तोंड आपोआप उघडलं.

"हे कोनं शिकवलं तुले?" बोट तोंडात असतानाच पंजाबरावनं विचारलं.

"तुमीच, चाचा. लहानपनी अब्बूच्या दुकानातून पाहत बसायची. आता हालू नका."

पेनासारखा तो कॅमेरा हिरडीवरून चालू लागला, तसं समोरच्या स्क्रीनवर गुलाबी रान उगवू लागलं. बांध, चढ, उतार. मध्येच चित्र थांबायचं, फाटायचं. दात असले की कॅमेऱ्याला खुणा मिळतात. बोडक्या, ओल्या हिरडीवर तो वाट चुकतो. उमेरानं हिरडी कोरडी केली, तिच्यावर चार-सहा ठिपके लावले आणि पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा चुकला. चौथ्यांदा चुकला. गुरुवारची दुपार अशी गेली. पाचव्या वेळेला आख्खं रान एका तुकड्यात आलं, तेव्हा पंजाबराव कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"उन्हाळ्यातलं वावर हाय माह्या तोंडात," तो म्हणाला.

शुक्रवारी चावा घ्यायचा होता. वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठं बसतो ते धरायचं. इथं पंजाबराव अडला. तीन महिने दातांशिवाय चघळून त्याचा खालचा जबडा पुढं यायला शिकला होता. उमेरानं मेणाच्या पट्ट्या तोंडात दिल्या, तर दर वेळी चावा वेगळ्या ठिकाणी.

"चाचा, इथं चुकलं तर सगळे दात चुकतील. साठपासून सत्तरपर्यंत मोजा."

"कायले?"

"'स' म्हनतानी जबडा आपल्या जागेवर जाते. मोजायच्या नादात पुढं काढायचं ध्यानात राहत नाई."

"साठ," पंजाबराव म्हणाला. "एकसष्ट. बासष्ट." सदुसष्टवर त्याचा आवाज थांबला. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'स' बाहेर पडला होता. मेणाचा का होईना. उमेरानं तो चावा तिथंच धरला.

शनिवारी तिनं त्याला स्क्रीनसमोर बसवलं. गुलाबी हिरडीवर दातांची ओळ झळकत होती. पांढरे, सरळ, एकाला एक लागून. तिच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

पंजाबरावनं पुढं झुकून पाहिलं. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "हे कोनाचे?"

"तुमचे, चाचा."

"हे दोनदाती गोऱ्ह्याचे हायत. मी बहात्तर वर्साचा हाय."

"पन सगळे असेच मागतात. छान दिसतीन."

"पोरी, कानस मारलेले बैल म्या बाजारातून हाकलून देल्ले. आता सोताच कानस मारून जाऊ? मले माह्या वयाचे दे."

"झिजलेले?"

"झिजलेले. पिवळे. अन् हा पुढचा कोपऱ्यातून टवका उडालेला पाहिजे. हा एका खिल्लाऱ्यानं शिंग मारून उडवला होता."

बदरुद्दीननं कपाळावर हात मारला. पण उमेरा बापासारखी नव्हती. तिला अवघड काम दिलं की तिचे डोळे बारीक होत. तिनं एकेक दात घेतला आणि झिजवायला सुरुवात केली. टोकं गोल केली, रंग उतरवला, टवका काढला. उजवी बाजू झाल्यावर तिनं एक बटण दाबलं, आणि डावी बाजू आरशात पाहिल्यासारखी क्षणात तयार झाली.

"खोटं," पंजाबराव म्हणाला.

"आता काय झालं?"

"कोनतं जनावर दोन्हीकून सारखं खाते? मी उजवीकून खातो. डावीकडे तमाखू ठेवतो. तिकडे झीज कमी अन् डाग जास्ती."

उमेरानं बटण उलटं फिरवलं आणि डावी बाजू हातानं करायला घेतली. संध्याकाळ होईपर्यंत ती माऊस घासत होती आणि पंजाबराव मागून म्हणत होता, "अजून थोडा. आता पुरे. आता हा माह्यासारखा दिसून राह्यला."

रविवार छापण्यात गेला आणि सोमवारी तालमीची कवळी आली, खडूसारखी पांढरी. ती तोंडात घालून पंजाबराव दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा राहिला आणि त्यानं हाळी दिली. "जुळलाऽ!" 'जु'वर कवळी होती, 'ळ'वर जीभ टाळूला लागली आणि वरची ओळ धप्पकन खालच्यावर आदळली. शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. बदरुद्दीन हसला नाही, यावरून काय ते समजा.

"मागची कड जास्त लांब आहे," उमेरा म्हणाली. तिनं फाईल उघडली, कड दीड मिलिमीटर मागं घेतली. "आता पक्के छापते. उद्या दुपारी या."

मंगळवारी दुपारी तो आला तेव्हा प्रिंटर चालू होता. एका उथळ डब्यातल्या पातळ रसात खालून उजेड पडे आणि दात उलटे लटकून कणाकणानं वर येत. पंजाबराव त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसला. गाय वेताला आलेली असावी तसा. पाऊण काम झालं आणि वीज गेली. इन्व्हर्टरनं पाच मिनिटं धीर धरला आणि तोही गेला. वीज आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि प्रिंटरमध्ये अर्धवट दातांची एक ओळ लोंबत होती.

"अर्ध्यावरून पुढं नाई होत?" बदरुद्दीननं विचारलं.

"नाही, अब्बू. पहिल्यापासून."

पंजाबराव स्टुलावरून उठला. टोपी घालून स्टँडकडे निघाला. उमेरा त्याच्यामागं दारापर्यंत गेली. "चाचा, सकाळी सहाला लावते. इन्व्हर्टरची बॅटरी दुसरी आनते. दहाला या."

दहाला हिरड्या छापून तयार होत्या, दातही. पण ते एकमेकांत चिकटवायचे होते, दिव्याच्या पेटीत पक्के करायचे होते, कडा घासायच्या होत्या. बाजारातून निरोप येत होते. अकराला उमेरानं कवळी त्याच्या तोंडात बसवली आणि आरसा पुढं धरला. आरशात बहात्तर वर्षांचा पंजाबराव होता. तीन महिन्यांपूर्वी गेलेला तोच, टवक्यासकट. तो दचकला.

"पहिले दोन-तीन दिवस जोरात बोलू नका," उमेरा म्हणाली. "सवय होऊ द्या. अन् तोंड कोरडं पडू देऊ नका. थुंकीची ओल असली तरच वरची ओळ धरून राहते. घाबरलं की तोंड कोरडं पडते."

"मी कवा घाबरतो?" पंजाबराव म्हणाला, आणि घाबरत बाहेर पडला.

बाजारात चिंचेखाली गर्दी गोल करून उभी होती. मध्ये पांढरा बैल. एका बाजूला गोजराबाई, दुसऱ्या बाजूला रामकिसन. पंजाबराव आत आला, "रामराम" म्हणाला, आणि शब्द साफ उमटला. गर्दी कुजबुजली. रामकिसनचे डोळे त्याच्या ओठांवर टिकले.

"थांबा थांबा," रामकिसन म्हणाला. "बैलाचं मागून पाहू. आधी पंचाचं तोंड दाखवा. बाजारात कवळी घालून फैसले नाई होत. चिनीमातीच्या कपानं कोनी वय सांगते काय?"

पंजाबरावनं तोंड उघडलं. रामकिसननं त्याच्या हनुवटीला धरलं, उन्हाकडे वळवलं आणि आत पाहिलं. त्याला पांढऱ्याशुभ्र चिनीमातीची अपेक्षा होती. त्यानं अंगठ्यानं ओठ वर केला. पिवळेपणा पाहिला, झीज पाहिली. टवक्यावर बोट फिरवलं. मग डाव्या बाजूला वाकून पाहिलं, आणि तो मागं सरकला.

"कवळी नाई हे!" तो लोकांकडे वळून ओरडला. "पाहा, मी सांगतो. सत्तरीच्या वरचा. उजवीकून खानारा, डाव्या गालात तमाखू. हे याचेच दात हायत! अबे, तीन महिने गाल आत ओढून आपल्याले चुत्या बनवून राह्यला हा!"

गर्दीत एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, खरंच की, टवका तोच. कुणी म्हणालं, म्हातारा लय बदमाश निघाला. बदरुद्दीन लांबून पंजाबरावकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं: गप राह्य.

गप राहणं सोपं होतं. तोंडात दात घट्ट बसले होते, हाळी देता येत होती, आणि ज्याला शंका घ्यायची होती त्यानंच भर बाजारात दाखला दिला होता. पण या बाजारात पंजाबरावनंच घालून दिलेला नेम होता: खोड आधी सांगायची. हातावर हात पडायच्या आधी सांगितली तर तो व्यवहार. मागून कळली तर ती चोरी. या नेमावर त्यानं जवळच्या सोयऱ्यांनासुद्धा बाजाराबाहेर काढलं होतं. आणि आता कानस मारलेला बैल मध्येच उभा होता, तो बैल म्हणजे तो स्वतः.

दात काढले तर पुन्हा बसतील की नाही, कोण सांगणार? बसले नाहीत तर फैसला बाद, बाजार रामकिसनचा.

त्यानं दोन बोटं तोंडात घातली. वरची ओळ काढली, खालची काढली, आणि दोन्ही तळहातावर घेऊन हात उंच केला. गाल आत गेले, हनुवटी वर आली.

आधी कोणालाच काही कळलं नाही. मग हसू फुटलं, ते असं की चिंचेवरचा एक सरडा खाली पडला. जो माणूस बैलांची वयं सांगायला निघाला होता, त्यानं काल-परवा कॉम्प्युटरवर घासलेल्या दातांना सत्तर वर्षांचे म्हणून सही-शिक्का मारला होता. रामकिसन लाल झाला, मग पांढरा.

पंजाबराव मात्र हसू शकत नव्हता. त्यानं वरची ओळ परत तोंडात बसवली आणि ती खाली आली. पुन्हा बसवली, पुन्हा खाली आली. टाळू दुष्काळी विहिरीसारखी कोरडी. जीभ फिरवली, जीभही कोरडी. हसू ओसरायला लागलं तसं लोकांच्या लक्षात आलं.

"पानी द्या रे कोनी," बदरुद्दीन ओरडला. पाण्याचा लोटा आला. पंजाबराव प्यायला, पाणी गेलं आणि तोंड तसंच. पाण्यानं ओळ धरत नव्हती, थुंकीच लागत होती.

"चालू द्या ना," रामकिसन दात चावत म्हणाला. "द्या कवळीवरच हाळी. आमी थांबलोच हाव."

तेव्हा गोजराबाई पुढं आली. तिनं पिशवीतून एक हिरवीगार कैरी काढली, लुगड्याला पुसली, पंजाबरावच्या नाकासमोर धरली आणि आपल्या दातांनी करकन तोडली. कैरी इतकी आंबट, की तिचा एक डोळा मिटला. करकर करकर ती चावत राहिली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी आवंढे गिळले. मागच्यांनी गिळले. खोटं नाही सांगत, बैलांनीसुद्धा ओठ चाटले. आणि पंजाबरावच्या गालांत दोन झरे फुटले. त्यानं ओळ टाळूला दाबली. ती बसली.

आता बैल. पंजाबरावनं हात घातला, ओठ खाली ओढला. आठ दात. मनातून त्याला जे हवं होतं ते त्यानं शोधलं: कानशीचा ओरखडा. नव्हता. राखेची चमक नव्हती. दातांत फटी नव्हत्या. कडा धारदार, कोपऱ्याचे दोन तर नुकते वर आलेले. त्यानं पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. तोंडातलं पाणी अजून गोजराबाईच्या कैरीचं होतं.

तो उभा राहिला.

"जुळलाऽ! पाच वर्साचा! सौदा खराऽ!"

गोजराबाईच्या हातातली कैरी तशीच राहिली.

"जुळलाऽ! पाच वर्साचा! सौदा खराऽ!"

तिसऱ्या हाळीला 'ळ'वर ओळ सुटली. जाणारच होती, पंजाबरावनं जिभेनं ती खालून उचलून धरली, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि शब्द बाहेर आला तो दोन्ही वेळांपेक्षा मोठा. "जुळलाऽ! पाच वर्साचा! सौदा खराऽ!"

"मंग हा वावरात बसते काहून?" गोजराबाई कडाडली.

"आळशी हाय, बाई. दाताले वय असते, आळसाले नसते."

"माह्या कैरीवर हाळी देल्ली, अन् माह्याच उलटी!" तिनं अर्धी कैरी त्याच्या छातीवर फेकली, कासरा ओढला आणि निघाली. बैल चार पावलं चालला आणि खाली बसला. तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठं उठला.

पंजाबराव तिथंच उभा राहिला. हिरडी आतून सोलली होती. तोंडात रक्ताची चव होती. गर्दी फुटली नव्हती. मग जांभरुणचा एक म्हातारा आपला गोऱ्हा घेऊन पुढं आला आणि त्यानं गोऱ्ह्याचं तोंड पंजाबरावसमोर धरलं. त्याच्यामागं दुसरा आला. तिसरा आला.

रामकिसननं थोडा वेळ इकडंतिकडं पाहिलं. सौदा त्याचाच खरा ठरला होता, पण त्याचं अभिनंदन करायला कोणी आलं नव्हतं. शेवटी त्यानं आपला तांबडा बैल सोडला आणि त्याच रांगेच्या शेवटी आणून लावला. त्याची पाळी आली तेव्हा ऊन कललं होतं.

"काई खोड?" पंजाबरावनं विचारलं.

"मागच्या उजव्या पायानं मारते," रामकिसन पुटपुटला.

"मोठ्यानं," पंजाबराव म्हणाला.